लतीफभाईंची शेपटी

महेजबीनच्या मुलाखतीची तयारी महेजबीन सोडून घरातल्या सगळ्यांची झाली होती. अम्मीने सोमवारी घालायचा ड्रेस दोनदा धुऊन तीनदा इस्त्री केला होता. थोरल्या भावाने, इरशादने, अब्बांचा निकाहातला काळा कोट ट्रंकेतून काढून खुंटीला लावला होता, कारण रोज संध्याकाळी तो कोट चढवून हा गडी पुण्याच्या कंपनीतला साहेब व्हायचा आणि बहिणीला आडवेतिडवे प्रश्न विचारून रडकुंडीला आणायचा. शेजारच्या धोंडाबाईंनी तर पेढे कुठल्या दुकानातून आणायचे तेही ठरवून टाकलं होतं. एकटे अब्बा काही बोलत नव्हते. पण लतीफभाई तसे कुठल्याच बाबतीत फार बोलत नसत, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दोन हजार सात सालचा फेब्रुवारी होता. महेजबीन म्हणजे भोरच्या त्यांच्या आळीतली पहिली एम. कॉम. पुण्यातल्या एका फायनान्स कंपनीत रिस्क मॅनेजमेंटच्या खात्यात एक जागा निघाली होती आणि तिला सोमवारी अकराला बोलावणं आलं होतं. खात्याचं नाव ऐकून अम्मीचा चेहरा कोराच राहिला.

“म्हंजी नेमकं करायचं काय गं त्यात?”

“काय वाईट होऊ शकतं ते आधी ओळखायचं, अम्मी. आणि ते होऊ नये म्हणून तजवीज करायची.”

“अन् ह्याचा पगार देत्यात?” अम्मी म्हणाली. “म्या तीस वर्सं फुकट करतीया.”

हसण्यावारी नेलं तरी अख्खं घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. या घरात नेमणुकीचं पत्र यायचं होतं ते खरं तर चार वर्षांपूर्वी, आणि तेही इरशादच्या नावाचं. पोलीस भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी हिर्डोशीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून त्याचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. न वाकणाऱ्या पायाचा पोलीस कुणाला हवा असतो? आता तो घराच्या पुढच्या खोलीत मोबाईलच्या रिचार्जचं दुकान चालवायचा आणि बसल्या जागेवरून जगाची टिंगल करायचा. त्याचं हुकलेलं पत्र आपल्या नावाने का होईना, पण या उंबऱ्याच्या आत आलंच पाहिजे, असं महेजबीनने मनाशी धरलं होतं.

इरशाद कसा पडला हे आळीत सगळ्यांना पाठ होतं. त्याला डोंगरात पळायला शिकवणारे कोंडिबा गुरुजी हिर्डोशीचे. निवडीचं कळल्याबरोबर तो मित्राची गाडी घेऊन त्यांना भेटायला गेला. परत येताना दिवस मावळला होता. जांभळीच्या चढावरून खाली उतरताना वळणावर त्याला रस्त्यात पांढरं काहीतरी दिसलं. “मला वाटलं ससा हाय,” तो सांगायचा. “ब्रेक दाबला, म्हनलं पळंल आता. त्यो कशाचा पळतोय!” तो दगड होता. त्या बाजूच्या चढांवर गाडी थांबवली की हँडब्रेकवर कुणीच भरवसा ठेवत नाही. मागच्या चाकाखाली दगड लावतात आणि काम झालं की दगड तिथंच सोडून गाडी पुढे काढतात. पुन्हा उतरून तो उचलणार कोण? तसाच कुणीतरी सोडलेला दगड.

अब्बा त्या वेळीही भोर-हिर्डोशी वडापची, माणसं भरून नेणारी जीप चालवायचे. त्यांची गाडी त्या संध्याकाळी त्याच चढावरून वर गेली होती, म्हणून दवाखान्यात अम्मीने त्यांना विचारलंही होतं, की तुम्हाला तिथं कुणाची गाडी उभी दिसली का. “म्या तिथं थांबलोच न्हाई त्या दिशी,” अब्बा म्हणाले होते. तो विषय तिथंच संपला.

अम्मीपुरता मात्र संपला नाही. इरशाद उठताबसता कण्हला की हातातलं काम न सोडता ती म्हणायची, “ज्या मेल्यानं त्यो दगड टाकला, त्याचं हात झडू देत!” दिवसातून दोनदा तरी. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कुकरच्या शिटीकडे द्यावं तेवढंही लक्ष त्याकडे कुणी देत नसे.

तर मुलाखत. महेजबीनची कॉलेजातली मैत्रीण शेफाली त्याच कंपनीत दुसऱ्या खात्यात होती. तिने फोनवर स्पष्ट बजावलं, “पुस्तकातलं काही सांगू नको. बँकेला आग लागली तर, कॉम्प्युटर बंद पडला तर, हे ऐकून त्यांचे कान किटलेत. तुझ्या घरातली, गावातली एखादी जोखीम सांग. आणि पाच गोष्टी तयार ठेव. काय होऊ शकतं, किती वेळा होऊ शकतं, झालं तर काय जातं, त्यावर उपाय काय केलाय, आणि तो उपाय कधी आणि का सुरू झाला. पाचव्या प्रश्नाला सगळे आपटतात बघ. कारण उपाय कुणी उगाच करत नाही. त्याच्या आधी काहीतरी झालेलं असतं.”

महेजबीनला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. ते अब्बांच्या जीपला मागे लोंबत होतं.

बाभळीचा एक ठोकळा, उताराचा तासलेला, आणि तो मागच्या बंपरला हातभर दोरीने बांधलेला. चढावर थांबलं की अब्बा उतरून तो चाकामागे सारायचे. काम झालं आणि गाडी सुटली की ठोकळा आपोआप दोरीनिशी खडखडत मागून येई; मग सपाटीला थांबून ते तो उचलून आकड्याला अडकवत. दगड राहिला, विसरला, ही भानगडच नाही. ठोकळा विसरू म्हटलं तरी तो विसरू द्यायचा नाही, इतका आवाज करायचा. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्याला ‘लतीफभाईंची शेपटी’ म्हणत आणि शेपटी आली, शेपटी आली म्हणून खिदळत. महेजबीनला मात्र आपल्या बापाचा अभिमान वाटायचा. तिच्या पुस्तकात पानभर लिहिलेलं तत्त्व, की माणसाच्या आठवणीवर विसंबून राहू नये, ते अब्बांनी बाभळीच्या लाकडात करून दाखवलं होतं.

चार प्रश्नांची उत्तरं तिने वहीत लिहून काढली. पाचवं अडलं. “अब्बा, शेपटी कधी लावली तुम्ही?” असं तिने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, “झालं की लई दिस.” चौथ्यांदा ते चहा अर्धा टाकून गाडी पुसायला गेले.

शेवटी रविवारी सकाळी ती वही घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. किती ठिकाणी थांबावं लागतं ते मोजायला.

“कशाला? ऊन लागंल,” अब्बा म्हणाले.

“उद्या साहेबाने विचारलं तर काय सांगू? आकडा पाहिजे.”

गाडी निघाली. बारा माणसं आत, दोघं मागे लोंबकळत, वर टपावर पोती. हिर्डोशीचे गेनबा महेजबीनच्या मागेच बसले होते. ती वही घेऊन कशाला आलीय हे कळल्यावर त्यांना चेव चढला. “लिव्ह, लिव्ह! लतीफभाईंची शेपटी पुन्याला निघाली म्हनून लिव्ह!” गाडीभर हशा पिकला. अब्बासुद्धा जरा हसल्यासारखे दिसले. महेजबीन रेघा मारत होती. पाचवी रेघ जांभळीच्या चढावर पडली.

तिथं चंद्राबाई उतरल्या. सत्तरी ओलांडलेली, वरच्या वाडीत एकटी राहणारी बाई. टपावर त्यांची पेंडीची दोन पोती होती. अब्बांनी ठोकळा चाकामागे सारला, गेनबा वर चढले, आणि पोती उतरेपर्यंत चंद्राबाई पदराने वारा घेत महेजबीनच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. जुनं माणूस आहे, यांना विचारावं, असं महेजबीनच्या मनात आलं. याहून जास्त काही तिच्या मनात नव्हतं.

“मावशी, अब्बांनी ही शेपटी कधी लावली, आठवतं का तुम्हाला?”

“न आठवाया काय झालं? तुज्या भावाचं पेढं वाटलं न्हवं का, त्याच्या मागनं. त्या दिशी दगडच हुता. म्याच लावला की हितं.”

महेजबीनने ‘पेढे’ असं लिहिलं. मग पेन थांबलं.

“कुठल्या दिवशी, मावशी?”

“अगं, पेढ्याच्या! माजी तांदळाची पोती हुती गिरनीतली. तुजा बाप वर चढला टपावर, म्हनला, मावशी, दगुड लावा. सडकवाल्यांनी कडंला चुना मारल्यालं दगड मांडलं हुतं, त्यातला एक उचलला म्या. पांढराशिपत. पोती उतारली, अन् ह्यानं माज्या हातात पेढा ठिवला. पोरगं पोलिसात लागलं म्हनला. त्याचा आनंद काय सांगू तुला! म्या म्हनलं, दगुड काढू का रं? तर म्हंतो, ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी पेढा खावा. अन् गेला की हारन वाजवत.” त्या हसल्या. “दुसऱ्या दिशी म्या पुन्याला गेले, सुनंच्या बाळातपनाला. तीन म्हैन्यानं आले तर हे लाकूड बांदल्यालं. अन् तवाच कळलं, पोरगं घाटात पडलं म्हनून. लई वाईट झालं बाई. घाटातली वळणं लई वंगाळ.”

घाटात नाही मावशी, इथं. जिथं तुम्ही उभ्या आहात तिथं. हे शब्द महेजबीनच्या ओठापर्यंत आले आणि तिने ते गिळले. कानात दडे बसल्यासारखं झालं; गेनबा वरून काहीतरी ओरडत होते, त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. ससा. पांढरा ससा. ‘म्या तिथं थांबलोच न्हाई त्या दिशी.’

तिने आरशात पाहिलं. अब्बा गाडीच्या मागे दोरी हातात धरून उभे होते. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“चला,” ते म्हणाले. “बसा.”

गाडी सुटली. ठोकळा मागून खडखडत यायला लागला. गेली चार वर्षं हा आवाज तिने ऐकला होता आणि कौतुकाने ऐकला होता. आता तिला तो ऐकवेना.

हिर्डोशीला गाडी रिकामी झाली. परतीला एकच माणूस होता, तोही वाटेत उतरला. मग जीपमध्ये बाप आणि लेक, आणि मध्ये ती वही. महेजबीनला वाटत होतं की अब्बा काहीतरी बोलतील आणि सगळं पहिल्यासारखं होईल. म्हातारीच्या डोक्यात घोळ झालाय, दुसरा कुठलातरी दिवस होता, असं काहीही. ती खोटंसुद्धा मानायला तयार होती. जांभळीचं वळण आलं आणि अब्बांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

“तुम्ही म्हणाला होतात थांबलो नाही,” ती म्हणाली.

अब्बा समोर काचेतून बघत होते. “वर ग्येल्यावर त्यो गावला मला. खाली येत हुता. म्या हारन दिला. त्यानं हात वर केला, असा.” त्यांनी स्टिअरिंगवरचा हात जरा उचलला. बोटं थरथरत होती. गेली तीन-चार वर्षं तशीच थरथरायची, मुंग्या यायच्या त्यांना. “म्या हसलो. पाच मिंटंबी झाली नसतील मग, त्यो पडला आसंल. मी पुढं हिर्डोशीला ग्येलो, लोकं उतारली, तितंबी पेढं वाटलं. तासाभरानं माघारी आलो तर त्यो हितं बेसुद पडला हुता. अन् दगड हितं.”

“मग?”

“दगड दरीत ढकलला आदी. मग त्याला उचललं.”

आधी दगड. महेजबीनने तोंडावर हात दाबून धरला. तिला बापाची कीव यायला हवी होती, पण त्या क्षणी तिला आला तो संताप, आणि संतापाच्या खाली निव्वळ भीती, की आपण ज्या माणसाच्या शेजारी तेवीस वर्षं जेवलो तो आपल्याला माहीतच नव्हता.

“उद्या दुसरं कायतरी सांग,” अब्बा म्हणाले. “बँकेला आग लागली तर, आसलं.” आणि त्यांनी चावी फिरवली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे रंगीत तालीम मांडली गेली. इरशादने कोट चढवला, लाकडी खुर्चीत ताठ पाय पुढे सोडून बसला, आणि समोर स्टुलावर महेजबीन. अब्बा भिंतीला टेकून चटईवर, आणि अम्मी त्यांच्यासमोर कोमट तेलाची वाटी घेऊन. अब्बांच्या हाताला मुंग्या यायला लागल्यापासून ती रोज संध्याकाळी त्यांचे दोन्ही हात तेलाने चोळून द्यायची, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, एकेक बोट ओढून.

“या, मिस महेजबीन लतीफ,” इरशाद नाकात बोलला. “पंखा लावू का? घाम लई फुटलाय तुमाला. सांगा, कुठली जोखीम आणली आज?”

“बँकेला आग लागली तर,” महेजबीन म्हणाली.

इरशादचा साहेब तिथंच गळून पडला. “आग? अगं, शेपटीचं काय झालं? आठ दिस पाठ करतीयास! ह्या घरात एवढी एकच तर शानी गोष्ट घडलीया.”

“मला नाही सांगायचं ते.”

“का पर? पाचवं अडतंय व्हय? हे काय, अब्बा बसल्यात हितंच. अब्बा, शेपटी कवा लावली तुमी?” विचारता विचारता तो पुढे वाकला आणि पायात कळ आली तसा कण्हला. “आई गं…”

अम्मीने मान वर केली नाही. ती अब्बांचा उजवा अंगठा चोळत होती. “ज्या मेल्यानं त्यो दगड टाकला,” ती म्हणाली, “त्याचं हात झडू देत.”

महेजबीन ते बघत होती. तेलाने चकाकणारे ते दोन हात, आणि अम्मीच्या मुठीतला तो अंगठा. तिच्या हातातलं पेन खाली पडलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अब्बांनीही पाहिलं. मग त्यांनी अम्मीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“ऊठ,” ते लेकीला म्हणाले. “म्या देतो उत्तर.”

ते स्टुलावर बसले. इरशाद हसायलाच लागला. त्याला वाटलं, अब्बा कधी नव्हे ते गंमतीत आलेत. त्याने कोटाची कॉलर सारखी केली. “बसा, बसा, लतीफसाहेब. पयला प्रश्न. काय होऊ शकतं?”

“मानूस पडू शकतो.”

“किती येळा?”

“येकदाच पडला.”

इरशादचं हसू तोंडावरच राहिलं. पण प्रश्न त्याला पाठ होते, आणि ते एकामागून एक त्याच्या तोंडून आपसूक निघत गेले. “पडला तर काय जातं?”

अब्बांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. “पुढचं इचार,” ते म्हणाले.

“उपाय काय केला?”

“लाकूड बांदलं.”

“कवा?” इरशादचा आवाज आता साहेबाचा नव्हता. “का?”

“तू दवाखान्यात हुतास, त्याच्या दुसऱ्या दिशी,” अब्बा म्हणाले. “आदल्या दिशी माजा दगड रस्त्यात ऱ्हायला, म्हनून.”

अम्मीच्या मांडीवरची वाटी कलंडली. तेल चटईवर पसरत गेलं आणि ते कुणी पुसलं नाही. दुकानात कुणीतरी हाक मारत होतं, दहाचं रिचार्ज पाहिजे म्हणून. दोनदा हाक मारून ते माणूस निघून गेलं.

“थांबलोच न्हाई, म्हनला हुता,” इरशाद अगदी हळू म्हणाला.

“थांबलो हुतो.”

इरशाद उठला. कोटाची बटणं त्याने एकेक करून सोडली, कोट नीट खुंटीला अडकवला, खांद्यावरची सुरकुतीसुद्धा हाताने सारखी केली. मग दुकानाच्या खोलीत जाऊन त्याने मधलं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं महेजबीनला वाटलं.

अम्मी तेलाच्या आपल्या हातांकडे बघत बसली होती. “चार वर्सं,” ती म्हणाली. “अवो, चार वर्सं रोज म्या… ह्याच हातांनी चोळत, अन् त्वांडानं…” ती अब्बांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे बघायला लागली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. “माजंच लागलं! या अल्ला, माजंच बोलणं लागलं तुमच्या हातांला! मला गप बस म्हनायचं तरी येकदा!”

“खरंच बोलत हुतीस की तू,” अब्बा म्हणाले. “गप बस कसं म्हनू?”

त्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. महेजबीनने वही मिटली. तिला आता नोकरी नको होती, मुलाखत नको होती. आठ दिवस बसून आपण हौसेने खणत काय गेलो आणि हाताला काय लागलं, याने ती पार हादरली होती. शेफालीने सांगितलं होतं, उपायाच्या आधी काहीतरी झालेलं असतं. ते घरातच झालेलं असेल, हे काही शेफालीने सांगितलं नव्हतं.

सकाळी मात्र अम्मीने तिला हाक मारून उठवलं. “सातची एसटी हाय न्हवं? ऊठ,” एवढंच. डोळे सुजलेले होते, पण ड्रेस इस्त्री करून बाजेवर ठेवलेला होता. चौथ्यांदा. अब्बा ओसरीत बसले होते. तिने त्यांना चहाचा कप दिला, आणि त्यांचा हात थरथरताना बघून कपाच्या खाली आपला तळवा धरला. ते पूर्ण चहा पिऊन होईपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

मधलं दार बंदच होतं. महेजबीनने दारावर थाप मारली. “भाई, जाते मी.”

अब्बा तिला स्टँडवर सोडायला निघाले. जीपला वळसा घालून ते मागे गेले, सवयीने, ठोकळा आकड्याला आहे का बघायला, आणि तिथंच उभे राहिले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून महेजबीन मागे गेली.

ठोकळा आकड्यालाच होता. पण त्याची जुनी काथ्याची दोरी, जी मध्यावर झिजून सुतळीएवढी झाली होती आणि जी बदलू बदलू म्हणत दिवाळीपासून राहिली होती, ती कापून खाली टाकलेली होती. तिच्या जागी नवी निळी नायलॉनची दोरी, दुहेरी करून, गाठीवर गाठ मारून. मातीत एका बाजूला कुणीतरी बराच वेळ बसल्याची खूण होती, आणि तिच्यापुढे एक लांब सरळ ओरखडा, पाय न वाकवता बसलं की टाचेने उमटतो तसा.

“तू बांदलीस?” अब्बांनी विचारलं. त्यांनाही ओरखडा दिसत होता. तरी त्यांनी विचारलं.

“नाही.”

अब्बांनी नवी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढून बघितली. ती हलली नाही. मग ते तिथंच गाडीला कपाळ टेकून उभे राहिले. महेजबीनची सातची एसटी गेली. तिला साडेसातची घ्यावी लागली.

मुलाखतीला तिघं जण होते. मध्ये चष्म्यातल्या एक बाई, त्याच जास्त विचारत होत्या. पुस्तकी प्रश्न झाले, आणि मग त्यांनी पेन खाली ठेवून म्हटलं, “तुमच्या स्वतःच्या बघण्यातली एखादी जोखीम सांगा.”

एसटीत बसल्यापासून महेजबीनने बँकेची आग घोकली होती. तोंड उघडलं तेव्हा मात्र तिने दगडाचं सांगितलं. चढ, हँडब्रेक, चाकाखालचा दगड, तो रस्त्यात सोडून जायची रीत, आणि एका ड्रायव्हरने लावलेला बाभळीचा ठोकळा. नाव कुणाचंच घेतलं नाही. पाचव्या प्रश्नाची तिने वाटच पाहिली नाही. “त्याच्याच दगडावर एक मोटारसायकलवाला पडला,” ती म्हणाली. “त्याचा पाय कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने हे लाकूड बांधलं. चार वर्षं त्याने कारण कुणाला सांगितलं नव्हतं.”

कडेचे साहेब काहीतरी लिहीत होते, ते थांबले. बाई जरा पुढे झुकल्या.

“उपाय अजून चालू आहे?”

“हो. दोरी झिजली होती. आज पहाटे बदलली.”

“कुणी? त्या ड्रायव्हरने?”

महेजबीनने मांडीवरच्या फाइलवर दोन्ही हात घट्ट दाबले.

“नाही,” ती म्हणाली. “ज्याचा पाय गेला, त्यानं.”